मदत हवी आहे : डुकरांची चरबी मऊ पडतेय, खाद्यात काय बदलू?

नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळ आमचं छोटं वराहपालन आहे, जात लार्ज व्हाइट यॉर्कशायर. माल गोव्यात चोरीस (डुकराचं मांस आणि चरबीचे तुकडे भरून केलेलं मसालेदार सॉसेज) करणाऱ्यांकडे जातो. गेल्या खेपेला तक्रार आली. मी स्वतः जाऊन बघितलं: पाठीची चरबी बोटाने दाबली की खड्डा तसाच राहतो, सुरीला चिकटते, चौकोनी तुकडे धड पडतच नाहीत. फार वाईट वाटलं.

चूक माझीच. खर्च वाचवायला तीन महिने तेल न काढलेला भाताचा कोंडा भरपूर घातला, वर सोयातेल. डुक्कर काही गाईसारखं रवंथ करत नाही, त्यामुळे तेलातलं लिनोलिक आम्ल (चरबी मऊ करणारा घटक) फारसं न बदलता थेट चरबीत जाऊन बसतं. शिवाय असं तेल मिळालं की शरीर धान्यातल्या स्टार्चपासून स्वतःची घट्ट चरबी कमी बनवतं.

आता 80 किलोच्या आसपासची 6 डुकरं उरलीत. कोंडा-तेल बंद करून तांदळाची कणी आणि खोबऱ्याची पेंड द्यावी म्हणतोय, खोबरेलाने चरबी घट्ट होते म्हणून. कुणी केलंय का? पेंड किती घातली? चरबी घट्ट व्हायला किती आठवडे लागले? प्रथिनं कमी पडू नयेत म्हणून सोबत काय दिलंत?