भूजल नकाशात पाणी समुद्राकडून डोंगराकडे वाहतंय, काय चुकलं?

प्रश्न (जांभादगड_२४):
एमएस्सीच्या प्रोजेक्टला मालवण, तारकर्ली, देवबाग आणि आत कट्टा गावापर्यंतच्या ३८ विहिरी मे महिन्यात मोजल्या. टेप सोडून पाण्याची खोली घेतली, क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं सॉफ्टवेअर) आयडीडब्ल्यू मारलं, म्हणजे विहिरींच्या मधल्या जागेचे आकडे जवळच्या विहिरींवरून अंदाजाने भरले. किनाऱ्याला पाणी २-३ मीटरवर, आत जांभ्यात १२ वर. बाण काढले तर सगळे उलटे! सर बघतील तर हसतील.

खारेपाटकर:
हसणार नाहीत, सगळ्यांचं पहिल्यांदा हेच होतं 😀 तू खोलीचा नकाशा काढलायस, पातळीचा नाही. सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) पाणी १२ मीटरवर असलं तरी जमीनच ५० मीटर उंच असेल तर पाणी समुद्रसपाटीच्या ३८ मीटर वर आहे ना. जमिनीची उंची वजा खोली, त्यावर कंटूर (समान पातळीच्या रेषा) काढ. आणि आयडीडब्ल्यूने प्रत्येक विहिरीभोवती गोल गोल वर्तुळं येतात ती खरी समजू नकोस.

जांभादगड_२४:
ओह!! मग जमिनीची उंची एसआरटीएमवरून (उपग्रहासारखी अवकाशातून रडारने मोजलेली) घेऊ?

ऑटोलेव्हलवाला:
सड्यावर एकवेळ चालेल, देवबागला अजिबात नाही. एकीकडे कर्ली नदी, एकीकडे समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिथे पाणी सपाटीपेक्षा जेमतेम मीटरभर वर असणार आणि एसआरटीएमला माड पण जमीनच वाटते. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, आणि गायबेन-हर्झबर्गच्या हिशोबाने सपाटीच्या वर एक मीटर असेल तर खाली ४० मीटर असतं, म्हणजे वर एक मीटरची चूक तर खालच्या गोड्या पाण्याच्या जाडीत ४० मीटरची चूक. बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या सरकारी खुणेवरून) लेव्हल आण नाहीतर डीजीपीएस (अचूक जीपीएस) वापर, पण डीजीपीएसची उंची तशीच नको वापरू, ती समुद्रसपाटीपासूनची नसते, जिऑइड दुरुस्ती करून सपाटीवर आण, आपल्या किनाऱ्याला तो फरक साठ मीटरहून जास्त आहे.

देवबागची_माई:
बाळा, मी शिकलेली नाही यातलं पण आमची बाव (विहीर) भरतीला वर येते नि ओहोटीला खाली जाते, तू किती वाजता मोजलीस ते लिहिलंयस का? आणि कठडा वजा केलास? आमचाच सव्वादोन फूट आहे. शेजारी तर सकाळभर मोटार चालू असते माडांना, तेव्हा मोजलं तर पाणी खालीच दिसणार.

ऑटोलेव्हलवाला:
माईंनी लाख मोलाचं विचारलं. कठडा काय पळून जात नाही, पावसातही मोजता येईल. मेचं पाणी मात्र परत मिळणार नाही, ते आधी मोज.

जांभादगड_२४:
वेळ वहीत आहे माई. कठडा काही ठिकाणी वजा केलाय, काही ठिकाणी नाही, कुठे ते आठवत नाही 🙈 मोटारीचं तर विचारलंच नव्हतं. शनिवारी निघतो टेप घेऊन.