चंद्रभागा कोरडी का पडते: पावसापलीकडची कारणं

पाऊसच कमी, म्हणून पंढरपुरात चंद्रभागा उन्हाळ्यात आटते, असं काही जण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. पंढरपूर पर्जन्यछायेत, म्हणजे घाटाआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात आहे, मान्य. पण चंद्रभागा म्हणजे भीमाच, आणि भीमेला पाणी येतं ते भीमाशंकर आणि तिकडच्या घाटमाथ्यावरून, आणि ते आता उजनी धरणात अडतं. १९८० साली धरण झालं, तेव्हापासून पावसाळा सरला की पात्रात पाणी दिसतं ते सोडलं तरच: वारीला स्नानासाठी, किंवा सोलापूरला प्यायला. एरवी बंधाऱ्यांमागं डबकी.

बरं, सोडतात ते पाणी तरी कसलं? पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि ते सगळं उजनीत जमा होतं. जलाशयात जलपर्णी उगाच माजत नाही.

पण मला सगळ्यात जास्त सलतो तो वाळूउपसा. वाळू पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते, गाळते, हळूहळू सोडते. लहानपणी नदीच्या वाळवंटात हातभर उकरलं की झरा लागायचा, नितळ. आजी ओंजळीनं प्यायची. गेल्या उन्हाळ्यात त्याच जागी पाय टाकला तर घोट्यापर्यंत काळा चिखल, शेजारी उपशाचा खड्डा, त्यात हिरवं पाणी आणि कुजकं निर्माल्य. वाळूच नसेल तर सोडलेलं पाणी थांबणार कुठं? त्यामुळे घाट सुशोभित करण्याआधी उपसा बंद करा आणि वारी नसतानाही नदीत थोडं वाहतं पाणी ठेवा, ही मागणी आपण लावून धरायला हवी.