हिरव्या शेवाळाची लाट: सगळा दोष खताचा कसा?

खारा_वारा
किनारा हिरवा झाला की सगळे एकच म्हणतात, शेतातलं खत वाहून आलं. मला हे अर्धवट वाटतं. चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्रात 2007 पासून दर उन्हाळ्यात उल्वा प्रोलिफेरा नावाचं शेवाळ पसरतं, 2008 ला तर चीनच्या चिंगदाओ शहरात ऑलिंपिकच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतींआधी दहा लाख टनांच्या वर उपसावं लागलं. पण त्या पाण्यात खतातला नायट्रोजन आधीही भरपूर होता, मग लाट तेव्हाच का नाही आली? कारण दक्षिणेला जिआंग्सू प्रांताच्या उथळ किनाऱ्यावर नोरीची, म्हणजे खायच्या समुद्री शेवाळाची, शेती वाढली, दोऱ्यांवर आणि बांबूंवर या शेवाळाला चिकटायला जागा मिळाली, मग एप्रिल-मेमध्ये या दोऱ्या-बांबूंचे सांगाडे, म्हणजे राफ्ट, काढताना ते खरवडून तिथंच चिखलात टाकतात, भरती आली की तरंगतं आणि वारा-प्रवाह त्याला उत्तरेकडे नेतात. आधी जागा, मग खत.

मातीचा_माणूस
साफ चूक. तुम्ही सांगताय ते बियाणं झालं, पीक नाही. खरवडलेलं शेवाळ काही हजार टन आणि उत्तरेला पोचेपर्यंत लाखो टन, मधली वाढ हवेवर झाली का? हे शेवाळ म्हणजे पोकळ नळी, भिंत फक्त एका पेशीची, म्हणजे अख्खं अंगच पाण्याला लागलेलं. नायट्रोजनचे दोन्ही प्रकार ओढतं, नायट्रेट आणि अमोनियमही, वर जास्तीचा साठाही करून ठेवतं, त्यामुळे चार दिवस पाण्यात कमी पडलं तरी वाढ थांबत नाही. आणि फ्रान्समधल्या ब्रिटनीत कुठे आहेत नोरीचे राफ्ट? तिथं 1970 च्या दशकापासून हेच चाललंय, डुकरांचे मोठे गोठे, मक्याची शेती, नद्यांतून नायट्रेट. 2009 मध्ये सडलेल्या शेवाळातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूनं किनाऱ्यावर एक घोडा मेला. हे विसरू नका.

भरतीओहोटी
तापमानाचं कोणी बोलतच नाहीये! प्रोलिफेरा साधारण 15 ते 20 अंशांत सगळ्यात जोमानं वाढतं, पाणी 25 च्या पुढं तापलं की मंदावतं, म्हणून जुलै संपता संपता तिथली लाट ओसरते, खत असतंच की तेव्हाही. प्रकाशाचंही तसंच, थर जाड झाला की वरचं खालच्यावर सावली धरतं आणि खालचं कुजायला लागतं. खारेपणा मात्र याला फारसा अडवत नाही, नदीचं गोडं पाणी मिसळलं तरी चालतं. आणि एक, 2020 ची लाट लहान होती, 2021 ची आजवरची सगळ्यात मोठी. एका वर्षात खत एवढं बदलतं का?

मातीचा_माणूस
एका वर्षात नाही बदलत, मान्य. पण खताचा साठा भरलेला आहे म्हणूनच हवामान थोडं अनुकूल झालं की एवढा भडका उडतो.

शांत_खाडी
दोघांनाही एक विचारतो, ब्रिटनीतल्या सगळ्याच किनाऱ्यांवर का होत नाही? नायट्रेट तर बऱ्याच नद्यांतून येतं. होतं कुठे, तर उथळ, सपाट, वाळूच्या उपसागरांत, जिथलं पाणी लवकर बाहेर जात नाही, शेवाळ तिथंच घुटमळत राहतं आणि उथळ असल्यानं ऊनही भरपूर मिळतं. शिवाय हिवाळ्यात वादळं जोराची झाली तर जुनं शेवाळ बाहेर फेकलं जातं आणि पुढच्या वसंतात सुरुवात उशिरा होते, हिवाळा शांत गेला तर उरलेल्या शेवाळावर लाट लवकर पेट घेते. त्यामुळे एकच कारण पकडून भांडण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

मातीचा_माणूस
अर्थ आहे, कारण वादळ, ऊन, भरती यातलं काहीच आपल्या हातात नाही, नायट्रेट आहे. तिथल्या नद्यांत 1990 च्या दशकात सरासरी लिटरला 50 मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट होतं, ते तीसच्या घरात आलंय, तरी शेवाळ येतंच, कारण या शेवाळाची भूक भागवायला तीसही पुष्कळ आहे. दहाच्या जवळ जायला हवं. लोक तिथं थकतात आणि म्हणतात, बघा खत कमी केलं तरी फरक नाही. मला याचाच त्रास होतो.

खारा_वारा
ब्रिटनीबद्दल तुमचं पटलं, तिथं नायट्रेट दहावर आणल्याशिवाय सुटका नाही. पण पीत समुद्रात फक्त नद्यांच्या मागे लागलात तर परिणाम दिसायला किती वर्षं जातील? राफ्ट तर आत्ता हातात आहेत. ते पाणी तापायच्या आत काढा, आणि खरवडलेलं चिखलात न टाकता बोटीत भरून जमिनीवर आणा.