संशोधक विद्यार्थ्याचा साधा बुधवार : अभ्यास, मेस आणि उरलेला वेळ

काचनळी (धागाकर्ती)

एमएस, एमफिल, पीएचडी असा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात. प्रवेश कसा मिळवला, आणि पदवीच्या दिवशी झगा घालून फोटो कसा काढला. मधली वर्षं कुठे गेली ते कुणी सांगत नाही. घरचे विचारतात, पण त्यांचा प्रश्न ठरलेला : "अजून किती दिवस?"

तर या धाग्यावर तो मधला काळ लिहूया. नेट-सेटचं मार्गदर्शन, गाईड कसा निवडावा वगैरे इथे नको, त्यावर भरपूर लिहून झालंय. तुमचा साधा बुधवार कसा जातो ते सांगा. काय वाचता, कुठे जेवता, आणि हातात वेळ उरला तर त्याचं काय करता.

माझं मत आधीच मांडून ठेवते. पदवीपर्यंत घंटा वाजते, तास होतात, हजेरी लागते. पुढे घंटाच बंद होते. मग दिवस अडकवायला एक खुंटी लागते, आणि ती बहुतेकांना अभ्यासाच्या बाहेरच सापडते. पटत नसेल तर भांडा.

मी पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करते. आमच्याकडे सगळं 'कॉलम'भोवती फिरतं. अभिक्रिया संपली की फ्लास्कमध्ये आपल्याला हवा असलेला पदार्थ आणि नको असलेले चार-पाच, सगळे एकत्र नांदत असतात. त्यांना वेगळं करायचं तर काचेच्या उभ्या नळीत सिलिका भरायची. पेट इथर नावाच्या द्रावकात कालवून ओतायची आणि बाहेरून रबरी नळीच्या तुकड्याने टकटक करत बसवायची. आत बुडबुडा राहिला की रंगाचा पट्टा तिरका उतरतो आणि दोन पदार्थ एकमेकांत घुसतात. मग वरून मिश्रण सोडायचं आणि खाली थेंब थेंब परीक्षानळ्यांत धरायचं. अधूनमधून केशनळीने टीएलसीच्या, म्हणजे पदार्थ वेगळे झाले का ते तपासायच्या, पट्टीवर ठिपका देऊन पट्टी यूव्ही दिव्याखाली न्यायची. २५४ नॅनोमीटरला हिरव्यावर काळा ठिपका, तोही एकटाच दिसला की समजायचं, आजचा दिवस लागी लागला.

यात डोळे आणि हात अडकलेले असतात, कान मोकळे. माझं ख्याल ऐकणं तिथेच सुरू झालं. विलंबित एकताल आणि कॉलमचा वेग यांचं चांगलं जमतं. घरी गाण्याचं काही नव्हतं, मला अजूनही राग पटकन ओळखता येत नाहीत, पण भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला दर डिसेंबरात भारतीय बैठकीचं तिकीट काढून जाते. आमच्या लॅबमध्ये त्या आठवड्यात पाळ्या लागतात. गाणारे-ऐकणारे लवकर निघतात, न ऐकणारे त्यांचे कॉलम सांभाळतात. बदल्यात आयपीएलच्या वेळी आम्ही त्यांचे.

खोडदचा पाहुणा

खुंटीचं पटलं, पण आमची खुंटी आकाशातच असते आणि तीही सरकते.

रेडिओ खगोलशास्त्र करतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर दूर पसरलेल्या. लोकांना वाटतं आम्ही रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो. रेडिओ लहरींना दिवस-रात्रीचं फारसं सोयरसुतक नसतं. आपला स्रोत क्षितिजाच्या वर असेल ती वेळ. कधी पहाटे तीन, कधी भर दुपार. सुरुवातीला ३सी २८६ किंवा ३सी ४८ सारखा ओळखीचा, ठाम तेजाचा स्रोत बघायचा, त्यावरून मोजमाप बसवायचं, मग आपल्या स्रोताकडे वळायचं, पुन्हा जवळच्या दुसऱ्या ओळखीच्या स्रोताकडे, पुन्हा आपल्याकडे. तासन्‌तास हे येणं-जाणं. मोबाइल बंद ठेवायचा, कारण आपण ज्याच्या मागावर आहोत त्या कुजबुजीपुढे खिशातला फोन म्हणजे लाउडस्पीकर.

निरीक्षणाचे तास थोडे, त्यानंतरची माहिती धुण्याचे महिने मोठे. कुठे वीजवाहिनीचा आवाज, कुठे उपग्रहाचा, एखादी अँटेनाच रुसलेली. ते सगळं शोधून काढून टाकायचं, याला आम्ही 'फ्लॅगिंग' म्हणतो. माझे बहुतेक बुधवार फ्लॅगिंगचे.

आता उरलेल्या वेळाचं. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावची मंडळी आपल्या यात्रेची सुपारी द्यायला येतात. पहिल्यांदा गेलो तो नुसती गंमत म्हणून. राहुटीत व्यवहार कसा चालतो ते बघत बसलो : कुठल्या तारखेला कुठलं गाव, रात्रीचा खेळ की सकाळची हजेरी, गाड्या किती, माणसं किती. तारखा भराभर संपत होत्या आणि मॅनेजरच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. दुर्बिणीच्या वेळेसाठी आम्ही देशोदेशीचे लोक अर्ज करून भांडतो, त्याच्या तोडीचं वेळापत्रक. तेव्हापासून दर हंगामात चक्कर असते. ढोलकी शिकायला लागलोय. हॉस्टेलवर वाजवू देत नाहीत, टेबलावर बोटं चालतात.

उधारीची वही

थोडक्यात लिहितो. यूजीसीची जेआरएफ, म्हणजे संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे तिची वरची पायरी, मिळाली की ४२,०००. त्याआधी ३१ आणि ३५ हजार होते. घरभाडं भत्ता वेगळा. मामाला हा आकडा कळला तेव्हा त्याने दुसऱ्याच दिवशी स्थळ आणलं.

मामाला हे कोण सांगणार की 'महिना' हा शब्द तेवढा मनावर घ्यायचा नसतो. पैसे येतात, पण कधी चार-पाच महिने काहीच नाही आणि मग एकदम. मधल्या काळात मेसवाल्या काकू, झेरॉक्सवाला आणि खोलीतला नोकरदार मित्र यांच्यावर संशोधन चालतं. माझा छंद विचाराल तर स्वयंपाक. आवड म्हणून नाही, कोरडे महिने काढायला शिकलो. पण आता पिठलं असं जमतं की मेसवाल्या काकू चव बघून गप्प बसल्या.

रंकाळ्यावरचा

राम राम. मी कोल्हापूरचा, शिवाजी विद्यापीठ, इतिहास. एमएला कमवा आणि शिका योजनेत होतो. सकाळी काम, मग तास, संध्याकाळी लायब्ररी. आता पीएचडीला त्यो बांधलेला दिवस न्हाई, त्यामुळं धागाकर्तीचं म्हणणं मला लगेच कळलं.

माझं काम मोडी कागदांवर. पुराभिलेखागारात रुमाल मागवायचा. रुमाल म्हंजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. सोडलं की धूळ आणि जुन्या कागदाचा वास. मोडीत आधी वर लांबलचक रेघ मारलेली असते आणि अक्षरं तिला खाली लोंबतात. शब्द कुठं तुटतो ते तुमचं तुम्ही ठरवायचं. लिहिणारा कारकून घाईत असला तर 'न' आणि 'त' यांच्यातला फरक त्याला आणि देवालाच ठाऊक. तारीख बघा कशी असते : 'छ ५ रजब, सुहूर सन खमस सबैन मया व अलफ'. छ म्हंजे चंद्र, चांद्र महिन्याचा पाचवा दिवस. पुढचे अरबी आकडे उलटीकडनं : पाच, सत्तर, शंभर, हजार. झाले ११७५, हे सुहूर सन म्हंजे जुन्या कालगणनेतलं वर्ष. त्यात ५९९ मिळवा, आलं इसवी सन १७७४. सुहूर वर्ष मृगाला, म्हंजे जूनच्या सुमाराला बदलतं, म्हणून मृगापास्नं डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपास्नं पुढच्या मृगापर्यंत ६०० धरायचे. पहिल्या वर्षी बोटं मोजत बसायचो, आता चहा पिता पिता होतंय.

आणि बरं का, दिवसभर वाचून हातात काय येतं? बहुतेक वेळा कुणाच्या तरी बैलाची तक्रार. पण ती तक्रार वाचताना जी मजा येते ती लई भारी असते. बैल कुठल्या रंगाचा, शिंगं कशी, कुणाच्या बांधावर गेला, साक्षीला कोण. युद्ध-तहाच्या पुस्तकात हा गडी कुठं भेटायचा?

संध्याकाळी शाहू स्टेडियम. बाहेरच्यांना कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आणि मिसळ एवढंच दिसतं. इथं पेठापेठांत फुटबॉल आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. तालमीचं नाव आणि खेळ फुटबॉल, ही गोष्ट फक्त आमच्यातच. मी पाटाकडीलचा. सरांच्या खोलीत पहिल्यांदा गेलो तवा विषय काय घेतलाय ते नंतर विचारलं, आधी पेठ विचारली. सर निघाले शिवाजीचे. मॅचच्या दुसऱ्या दिवशी प्रकरण दाखवायचं न्हाई, आमचा जिंकला असला तर मुळीच न्हाई. हा अलिखित नियम आमच्या सगळ्या बॅचला माहीत आहे.

पवईकर

आयआयटी, पवई. दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही, कोड चालत नाही आणि चाललं तर का चाललं ते कळत नाही. रात्री टेबल टेनिस. तलावात मगरी आहेत, कॅम्पसात कधीकधी बिबट्या दिसतो, आणि यांच्यापेक्षा जास्त भीती प्रगती-आढाव्याच्या सेमिनारची. बीटेकच्या मुलांनी ओढून पॅफमध्ये नेलं, म्हणजे होस्टेलांच्या नाट्यस्पर्धेत. अभिनय नाही, मागचे सेट रंगवायचे होते. त्या पोरांच्यात मी काका. तरी बांबू, सुतळी, वर्तमानपत्राचा लगदा यांतून ओपन एअर थिएटरवर अख्खा वाडा उभा राहताना बघितलाय. प्रबंधातला एकही आलेख तेवढा देखणा झालेला नाही.

रविवारची शांतता

जर्मनीतून, ग्योटिंगेन. मास्टर्स करतेय. इथली घंटाही बंदच : वर्गात हजेरी बहुतेक नसते, शेवटी परीक्षा. विद्यापीठ १७३७ सालचं, आणि गावात दर चौथा माणूस सायकलवर पुस्तकं घेऊन चाललेला.

येण्याआधी बँकेत वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून ठेवावे लागतात. त्यातले ९९२ दर महिन्याला सुटतात. हा सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा. बाकी प्राध्यापकांच्या हाताखाली 'हीवी'ची नोकरी, म्हणजे विद्यार्थी-मदतनीस. मी गृहपाठ तपासते. दुपारी मेन्झात जेवण, म्हणजे विद्यार्थ्यांची मेस. बटाटा आठवड्यात किती रूपं घेऊ शकतो याचं ज्ञान तिथे मिळतं.

अवघड असतो तो रविवार. दुकानं बंद, गाव चिडीचूप, आणि शेजारचे आजोबा मिक्सरच्या आवाजाबद्दल सौम्यपणे पण लेखी कळवतात. म्हणून चटणी शनिवारीच. रविवारी आम्ही चार-पाच जणी जंगलात चालायला जातो. जर्मन लोक चालण्याला छंद म्हणतात हे आधी हास्यास्पद वाटायचं. आता मीही बायोडेटात लिहिते.

इथली एक पद्धत सांगायलाच हवी. जुन्या टाउन हॉलसमोर कारंज्यावर गेन्झेलीझल नावाच्या हंस राखणाऱ्या मुलीचा पुतळा आहे. तोंडी परीक्षा पास झालेल्या नव्या डॉक्टरला मित्र सजवलेल्या हातगाडीत बसवून मिरवत आणतात, आणि त्याने वर चढून तिला फुलं देऊन तिचा मुका घ्यायचा. परवा आमच्या गटातल्या नाशिकच्या दादाची वरात काढली. गाडीला झेंडूची माळ हवी होती, झेंडू मिळेना, सूर्यफुलं लावली. त्याच्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्या म्हणाल्या, "मुलगी गोड आहे, पण आता खरी बघ."

कुसळी

मी उशिरा लिहितेय, कारण माझा बुधवार रात्री दहानंतर सुरू होतो.

मराठवाड्यात ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि अर्धवेळ पीएचडी करते, विषय गवतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत मुदत सहा वर्षं, बायकांना वर दोन वर्षांची सवलत. ती सवलत मी पुरेपूर वापरणार आहे, त्यात संकोच नाही. लेक आठ वर्षांची आहे.

गवत सगळ्यांना सारखंच दिसतं म्हणून कुणी घेत नाही, म्हणून मी घेतलं. ओळख पटवायची तर फुलोऱ्यात असतानाच आणावं लागतं, म्हणजे पावसाळ्याचा शेवट. रविवारी एसटीने माळावर जायचं, मुळासकट उपटायचं, वर्तमानपत्राच्या घडीत दाबायचं. घरी आल्यावर कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी. हे काम लेकीचं. ती ओले कागद काढते, कोरडे घालते आणि मधेच जुन्या बातम्या मोठ्याने वाचते. नमुना वाळला की साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवायचा आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. पान खोडाला जिथे मिळतं तिथे एक पातळ पापुद्रा असतो, कधी नुसते केस असतात. भिंगाखाली ते बघूनच बऱ्याचदा अर्धा निकाल लागतो.

माझे खरे गाईड माळावर भेटले. मारवेल, पवना, कुसळी ही नावं मेंढपाळांना पाठ असतातच. पण कुठलं गवत जनावर आधी खातं, कुठलं वाळल्यावर तोंड लावत नाही, कुसळीची टोकं मेंढीच्या कातडीत कधी घुसायला लागतात, हेही ते सांगतात. मी ते सगळं तारीखवार लिहून ठेवते. प्रबंधात त्यातलं किती बसेल ते समिती ठरवेल.

छंद म्हणाल तर एसटीत क्रोशा. वाचलं तर मळमळतं, झोपलं तर थांबा चुकतो. आतापर्यंत मैत्रिणींच्या सगळ्या बाळांना टोप्या झाल्यात.

जाता जाता एक विनंती. घाटमाथ्यावरच्या पठारांवरची गवतं मला तुलनेला हवी आहेत. कुणी त्या बाजूला असेल तर सांगा.

रंकाळ्यावरचा

ताई, पन्हाळ्याजवळ मसाई पठार आहे. ऑक्टोबरात या, लेकीलाही आणा, गाडीचं मी बघतो. तवा मॅचा नसतात, मोकळाच असतोय.

काचनळी (धागाकर्ती)

@कुसळी, बुरशीसाठी सिलिका जेल लागलं तर कळवा. आमच्याकडे पोत्याने असतं, पण कॉलमचं वेगळं आणि ओल शोषणारं निळ्या-गुलाबी दाण्यांचं वेगळं. तुम्हाला दाण्यांचं लागेल. गुलाबी झाले की भट्टीत तापवायचे, परत निळे होतात आणि पुन्हा वापरता येतात. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा लेकीच्या हाती देऊ नका. नारिंगी दाणे मिळाले तर तेच घ्या.