वेबपॅक ४ मधून बाहेर पडायचे आहे: वीट, आरएसपॅक की वेबपॅक ५?

रिकामी_ओळ:

आमच्याकडे २०१९ मध्ये सुरू झालेला रिॲक्टचा (वेबपानांचा इंटरफेस बांधणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) एक प्रकल्प आहे आणि त्याचे बंडलिंग, म्हणजे सुट्या कोड-फाइली ब्राउझरसाठी एकत्र बांधणे, अजूनही वेबपॅक ४ वर होते. ज्यांनी कॉन्फिगरेशन लिहिले ते आता आमच्यात नाहीत आणि सुमारे सहाशे ओळींच्या त्या फाइलला हात लावायला कोणी धजावत नाही. इतके दिवस निभावून गेले, पण आता दोन अडचणी एकदम उभ्या राहिल्या आहेत. पहिली नोडची, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या ज्या यंत्रणेवर वेबपॅक चालतो तिची. आमच्याकडची वेबपॅकची आवृत्ती हॅशसाठी एमडी४ हा जुना अल्गोरिदम वापरते. नोड १७ पासून ओपनएसएसएल ३ ही कूटलेखनाची लायब्ररी आल्यामुळे तो सहज उपलब्ध नसतो, म्हणून आम्ही एक तर नोड १६ वर अडकून राहतो किंवा जुने अल्गोरिदम पुन्हा चालू करणारा ‘लेगसी प्रोव्हायडर’चा पर्याय देऊन वेळ मारून नेतो. नोड १६ ची देखभाल सप्टेंबर २०२३ मध्येच थांबल्याने प्रत्येक सुरक्षा तपासणीत हाच मुद्दा निघतो. दुसरी अडचण वेळेची: प्रॉडक्शन बिल्डला (वापरकर्त्यांकडे जाणारे अंतिम बंडल बांधायला) सात मिनिटे लागतात आणि कोड लिहिताना वापरायचा डेव्ह सर्व्हर सुरू व्हायला दीड मिनिट.

संघातील बहुतेकांचे म्हणणे आहे की सरळ वीट (Vite) या बांधणीच्या साधनावर जावे. त्याचा वेग मला मान्य आहे. मात्र ज्यांनी जुन्या, मोठ्या प्रकल्पाचे स्थलांतर प्रत्यक्ष केले आहे, त्यांच्याकडून मला किती वेग वाढला यापेक्षा काय काय मोडले हे ऐकायचे आहे.

अर्धविराम:

साधन बदलण्यापूर्वी ती सात मिनिटे नेमकी कुठे जातात हे आधी पाहावे, अशी माझी विनंती आहे. इम्पोर्टचा माग काढत मॉड्यूलांचा आलेख उभा करणे आणि त्याचे तुकडे पाडणे, हे जे बंडलरचे खरे काम, ते अनेकदा एकूण वेळेतला लहान वाटा असते. मोठा वाटा बाबेलचे रूपांतर (नवा जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांना कळेल असा करणे), टाइपस्क्रिप्टची टाइप तपासणी, मिनिफिकेशन (कोड आक्रसणे) आणि सोर्स मॅप (बांधलेल्या कोडवरून मूळ ओळ दाखवणारा नकाशा) यांत जातो. तुम्ही टीएस-लोडर (वेबपॅकला टाइपस्क्रिप्ट वाचून देणारा जोडभाग) मूळ सेटिंगवर वापरत असाल तर टाइप तपासणी बिल्डच्या आतच होत असणार. वीटचा बिल्ड झटपट होतो त्याचे एक कारण हेही आहे की तो टाइप तपासतच नाही, फक्त पुसून टाकतो. ती तपासणी शेवटी टीएससी हा टाइपस्क्रिप्टचा कंपायलर वेगळा चालवून तुम्हालाच करावी लागते, त्यामुळे तो वेळ जमेस न धरता केलेली तुलना फसवी ठरते.

वेबपॅक ५ ऑक्टोबर २०२० मध्ये आला, तेव्हापासून त्यात डिस्कवर टिकणारा कॅशे आहे. तो चालू केला, टाइप तपासणी वेगळ्या प्रक्रियेत हलवली आणि बाबेल-लोडरच्या जागी रस्ट भाषेत लिहिलेला, तेच काम करणारा एसडब्ल्यूसी बसवला, तर दुसऱ्यांदा होणारा बिल्ड ओळखू येणार नाही इतका बदलतो. एक खाचखळगा मात्र सांगून ठेवतो: वेबपॅक ४ नोडच्या बफर, क्रिप्टो यांसारख्या मॉड्यूलांचे पर्याय न विचारता बंडलमध्ये घालत असे, ५ ने ते बंद केले. अपग्रेड करताना पहिल्या फटक्यात येणाऱ्या त्रुटींपैकी बऱ्याच याच असतात आणि आपला कोड कशाच्या जिवावर चालत होता हे तेव्हाच कळते.

तिसरा_कंस:

आम्ही हे स्थलांतर केले आहे, त्यामुळे मूळ प्रश्नाचे उत्तर देतो. (वीट हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘झटपट’, वेबपॅकचा वीट आल्यावरच आम्ही त्याच्याकडे वळलो, हा योगायोग मराठी माणसालाच कळावा.)

वरवरच्या गोष्टी एक-दोन दिवसांत आटोपतात. प्रोसेस डॉट एन्व्हच्या जागी इम्पोर्ट डॉट मेटा डॉट एन्व्ह येते, रिक्वायर डॉट कॉन्टेक्स्टच्या जागी ग्लॉब येतो, आणि जेएसएक्स (जावास्क्रिप्टमधले एचटीएमएलसारखे लेखन) असलेल्या जेएस फाइलींचे एक्स्टेन्शन बदलावे लागते. खरा त्रास चक्राकार इम्पोर्टचा झाला. आमचे जुने बाबेल व्हेरिएबल घोषित करणारे सगळे कॉन्स्ट बदलून जुन्या पद्धतीचे व्हार करत असे, त्यामुळे दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करत असल्या तरी फार तर एखादे मूल्य क्षणभर अनडिफाइन्ड असायचे आणि कोणाच्या लक्षातही येत नसे. वीटच्या डेव्ह सर्व्हरवर ब्राउझर खरीखुरी ईएस मॉड्यूले (जावास्क्रिप्टची प्रमाणित मॉड्यूले) चालवतो आणि कॉन्स्ट हा कॉन्स्टच राहतो. मग ‘इनिशिअलाइझ होण्यापूर्वी वापरता येणार नाही’ अशी त्रुटी देऊन पान पांढरे पडते. दोष वीटचा नव्हता, पाच वर्षे आमच्याच कोडमध्ये झाकलेला होता, पण निस्तरायला तीन आठवडे गेले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आम्ही घेतला तो वीट ५ डेव्हमध्ये डिपेन्डन्सी (बाहेरच्या लायब्ररी) आधीच बांधून ठेवायला गो भाषेतला ईएसबिल्ड वापरतो, तर प्रॉडक्शन बंडल रोलअप या दुसऱ्या बंडलरकडून करून घेतो, म्हणजे तुम्ही दिवसभर जे पाहता आणि वापरकर्त्याकडे जे जाते ते दोन वेगळ्या यंत्रांतून निघालेले असते. कॉमनजेएस या जुन्या मॉड्यूल-पद्धतीतल्या एका लायब्ररीचा डीफॉल्ट एक्स्पोर्ट आमच्याकडे डेव्हमध्ये फंक्शन म्हणून आला आणि प्रॉडक्शनमध्ये ऑब्जेक्ट म्हणून. सीएसएसचा क्रमही एका पानावर बदलला. ही दरी बुजवण्यासाठीच वीटच्या संघाने रस्टमध्ये रोलडाउन हा एकच बंडलर हाती घेतला, यावरून ती काल्पनिक नाही हे कळावे. वीट ५ वर असाल तर सीआयमधल्या (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या) चाचण्या डेव्ह सर्व्हरवर न चालवता बांधलेल्या बंडलवर, म्हणजे वीट प्रीव्ह्यूवर चालवाव्यात.

आणखी एक. ज्यांच्या प्रकल्पात प्रत्येक फोल्डरला सगळे काही पुन्हा एक्स्पोर्ट करणारी इंडेक्स फाइल आहे, त्यांना वीटचा सर्व्हर क्षणात सुरू झालेला दिसतो, पण पहिले पान उघडताना ब्राउझर शेकडो फाइली मागत बसतो. वेळ वाचत नाही, फक्त दुसरीकडे जातो.

हळू_पण_ठाम:

वरील अनुभव वाचल्यावर माझे मत आणखी पक्के झाले: सहाशे ओळींचे कॉन्फिगरेशन कोणालाच कळत नसेल, तर ते टाकून देण्याचा धोका सर्वांत मोठा. त्यातली प्रत्येक विचित्र ओळ कधीतरी, कोणाच्या तरी तक्रारीनंतर आलेली असते. आरएसपॅक हा बंडलर मार्च २०२३ मध्ये बाइटडान्सने खुला केला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. तो रस्टमध्ये असूनही वेबपॅकचेच कॉन्फिगरेशन आणि बहुतेक लोडर स्वीकारतो. डेव्ह आणि प्रॉडक्शन दोन्हीकडे बंडलिंगच होत असल्यामुळे वर सांगितलेली दरी तिथे उद्भवत नाही. वेबपॅकच्या अंतर्भागाला हात घालणारे एखादे जुने प्लगइन अडेल, त्याची यादी आधी करावी.

‘सगळे वीटवर जात आहेत’ हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. स्नोपॅक या वीटसारख्याच साधनाबद्दलही असेच बोलले जात होते आणि २०२२ मध्ये त्याची देखभाल थांबली. नवा रिॲक्ट प्रकल्प उभा करून देणारे क्रिएट रिॲक्ट ॲप तर रिॲक्टच्याच संघाचे होते, तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये ते निवृत्त झाले.

साधा_स्क्रिप्ट_टॅग:

कोणी विचारले नाही तरी विचारतो: बंडलर लागतोच का? २०१८ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत ईएस मॉड्यूले आहेत आणि आता इम्पोर्ट मॅपही (कोणते नाव कोणत्या फाइलचे हे ब्राउझरला सांगणारी यादी).

अर्धविराम:

लहान पानासाठी नाही लागत. परंतु तुमच्या आलेखाची खोली दहा पातळ्यांची असेल, तर ब्राउझरला प्रत्येक पातळी आल्याशिवाय पुढचीचा पत्ता लागत नाही. प्रीलोडची यादी देऊन हे टाळता येते, पण ती यादी तयार करणारे साधन म्हणजे अर्धा बंडलरच. शिवाय जेएसएक्सचे रूपांतर उरतेच. मूळ प्रकल्प या गटातला नाही.

रिकामी_ओळ:

सर्वांचे आभार. मोजमाप केले. सातपैकी जवळजवळ तीन मिनिटे टाइप तपासणीत जात होती, आणि आणखी दोन मिनिटे बाबेल बाहेरच्या लायब्ररींचे संपूर्ण नोड-मॉड्यूल्स फोल्डर पुन्हा रूपांतरित करण्यात घालवत होता, कारण इंटरनेट एक्स्प्लोरर ११ साठी कोणीतरी तो वगळण्याचा नियम काढून टाकला होता. तो ब्राउझर जून २०२२ मध्येच निवृत्त झाला. आमची ओळ राहिली. ती दुरुस्त करून आणि तपासणी वेगळी काढून, वेबपॅक ४ वरच बिल्ड सुमारे दोन मिनिटांवर आला.

नोडची अडचण मात्र यातून सुटत नाही, म्हणून एका शाखेवर आरएसपॅक लावून पाहत आहोत. दोन प्लगइन अडली, त्यांपैकी एकाची गरजच उरलेली नव्हती. वीटचा विचार सोडलेला नाही, पण तिसरा_कंस यांचे वाचून मॅज हे साधन चालवले तेव्हा ४१ चक्राकार इम्पोर्ट सापडले. त्यांतले ३३ एकाच इंडेक्स फाइलमधून जातात. ती फाइल या आठवड्यात फोडायला घेतली आहे.