प्रतिसाद: बत्तीस वर्षांचा पास रशर घ्यावा का?

"बत्तीस वर्षांच्या पास रशरसाठी दुसऱ्या फेरीची निवड घालवणं म्हणजे उधळपट्टी" हे मत मला सरसकट पटत नाही. (एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू तो पास रशर; निवड म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू घेण्याचा हक्क.) १ नोव्हेंबर २०२१ चा पास रशर व्हॉन मिलरचा ट्रेड (संघबदल) बघा. त्याच्यासाठी लॉस एंजेलिस रॅम्सनी डेन्व्हर संघाला २०२२ च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या निवडी दिल्या. वय ३२. पण त्याच्या उरलेल्या सुमारे ९७ लाख डॉलर पगारातले ९० लाख डेन्व्हरनेच भरले! जास्त निवडी द्यायच्या त्या याचसाठी, कारण सॅलरी कॅपवर (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर) भार जवळजवळ पडत नाही. साइनिंग बोनसचा (करार करताना दिलेल्या, पण कॅपमध्ये वर्षांवर विभागून धरलेल्या रकमेचा) उरलेला हिशेबही जुन्या संघाच्याच कॅपवर राहतो. मिलरने नियमित हंगामाच्या ८ सामन्यांत ५ सॅक केले (म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं), प्लेऑफमध्ये ४, त्यातले २ अंतिम सामन्यात, सुपर बोलमध्ये.

मात्र रॅम्सच्या बचावफळीत मधोमध ॲरन डोनाल्डसारखा जबरदस्त खेळाडू होता. दोघांनाही डबल टीम करणं (प्रत्येकाला दोघांनी मिळून अडवणं) अवघड, म्हणून मिलरला एकास एक संधी मिळायच्या. आपल्या संघाची रन डिफेन्स (चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवणारा बचाव) पहिल्या दोन डाउनमध्येच (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चारांपैकी दोन प्रयत्नांत) सहा-सात यार्ड देत असेल, तर तिसऱ्या डाउनला थोडंच अंतर उरतं, चेंडू झटकन सुटतो आणि कितीही चांगला रशर क्वार्टरबॅकपर्यंत पोचत नाही. आधी ते भोक बुजवा.

घेतलाच, तर त्याला प्रत्येक स्नॅपला (खेळीला) राबवू नका, मुख्यतः पासच्या डाउनलाच उतरवा. आणि लांबचा करार तर नकोच: पुढच्याच मार्चमध्ये बफेलो बिल्स संघाने मिलरला कागदोपत्री ६ वर्षांचे १२ कोटी डॉलर दिले, आणि नोव्हेंबरात त्याचा गुडघा गेला.