लॅपटॉप घरच्या वायफायला कनेक्टच होत नाहीये, डोंगल घेऊ का?

जाणकारांनो मदत करा. २०१४ चा लॅपटॉप आहे, विंडोज १०, मागच्या आठवड्यापर्यंत व्यवस्थित चालायचा. आता घरचं वायफाय लिस्टमधे दिसतं, पासवर्ड टाकला की गोल गोल फिरत बसतं आणि शेवटी कनेक्ट होता येत नाही म्हणतं. पासवर्ड दहा वेळा तपासला, मोबाईल नि टीव्ही त्याच पासवर्डवर चालू आहेत. राउटर बंद-चालू करून झाला, फरगेट करून परत जोडून झालं. मोबाईलचा हॉटस्पॉट लावला तर कनेक्टेड दाखवतो पण नेट चालत नाही, तिथे रेंजचा प्रॉब्लेम असेल. लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड गेलं असेल का? वायफायचा यूएसबी डोंगल घ्यायचा तर कसला घ्यावा?

चकटफू:
फॉरमॅट मारा, माझा तसाच सुटलेला.

उंटावरचा:
आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला! नेटवर्क दिसतंय, हॉटस्पॉटला जोडलं जातंय, म्हणजे कार्ड जिवंत आहे. मागच्या आठवड्यात नक्की काय बदललं ते आधी सांगा.

धागाकर्ता:
लॅपटॉपमधे काहीच नाही. हां, राउटर नवीन आलाय, पण नाव-पासवर्ड मुद्दाम जुनेच ठेवले म्हणून लिहिलं नाही.

उंटावरचा:
अहो मग तेच तर आहे ना! नवीन राउटरची सिक्युरिटी बहुतेक डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर असणार, ते आलंच २०१८ मधे, तुमचं कार्ड त्याच्या आधीचं. पासवर्ड बरोबर असला तरी दोघांची भाषाच जुळत नाही. राउटरच्या सेटिंगमधे जाऊन आधीची पद्धत, म्हणजे डब्ल्यूपीए२ एईएस करा. डब्ल्यूपीए२/३ मिक्स असाही पर्याय दिसेल, पण काही जुने ड्रायव्हर त्यावरही अडतात, तसं झालं तर सरळ नुसतं २ ठेवा. आणि डोंगल घेणारच असाल तर खोक्यावर डब्ल्यूपीए३ लिहिलंय का बघून घ्या, नुसतं ड्युअल बँड (दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा) वाचून भुलू नका.

धागाकर्ता:
केलं!! मिक्सवर नाहीच झालं, नुसत्या २ वर लगेच कनेक्ट. पण आता 'इंटरनेट नाही' म्हणतंय, एक झालं की दुसरं. मोबाईलवर नेट चालू आहे.

शेवटच्या_बाकावरचा:
मी कधीपासून हेच लिहायला आलो होतो, हॉटस्पॉटलाही तुम्हाला नेमकं हेच होत होतं, ती रेंज नव्हती. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग मारा आणि वायफायखालचा आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा नंबर) इथे टाका. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळत नाहीये.

धागाकर्ता:
१९२.१६८.१.५० आहे. राउटरच्या खाली मात्र १९२.१६८.०.१ छापलंय.

शेवटच्या_बाकावरचा:
सापडलं. लॅपटॉपमधे पत्ता हाताने भरलेला आहे, जुन्या राउटरच्या हिशोबाने, नवीन राउटरची गल्लीच वेगळी, लॅपटॉप १९२.१६८.१ मधे नि राउटर १९२.१६८.० मधे. कंट्रोल पॅनेलमधून वायफाय अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधे जा, आयपीव्ही४ वर डबल क्लिक, पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) दोन्ही ऑटोमॅटिक करा.

धागाकर्ता:
चाललं, हे लॅपटॉपवरूनच टाइप करतोय! काही वर्षांपूर्वी प्रिंटर जोडताना कुणीतरी ते आकडे भरलेले आठवतंय, मी पूर्ण विसरलो होतो. दोघांचेही आभार, डोंगल रद्द. एक शंका, सगळ्या घराला डब्ल्यूपीए२ ठेवलं तर धोका नाही ना?

उंटावरचा:
पासवर्ड लांबलचक असेल तर घरासाठी ठीक आहे, फक्त टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी या जुन्या, कमकुवत पद्धती निवडू नका. मनात रुखरुख असेल तर गेस्ट नेटवर्क चालू करून त्याला डब्ल्यूपीए२ द्या नि लॅपटॉप तिथे जोडा, बाकी घर ३ वर. सगळ्या राउटरना ते वेगवेगळं ठेवता येत नाही पण. आणि गेस्टवरून घरातला प्रिंटर बहुतेक दिसणार नाही, तेव्हा परत हाताने आकडे भरत बसू नका म्हणजे झालं :)